साहेबांची आरती आणि मावशींचा अर्ज

आमच्या कार्यालयाचं नाव मी सांगणार नाही. मावळातलं एक सरकारी कार्यालय, एवढं पुरे. माझी निवृत्ती दोन वर्षांवर आलीय आणि पेन्शनचे कागद ज्यांच्या सहीने पुढे सरकायचेत, त्यांच्याबद्दलच मी लिहायला बसलेय.

वरून पत्र आलं होतं: संकेतस्थळ दिव्यांगांना वापरता येईल असं करा आणि अहवाल पाठवा. साहेबांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. का, तर म्हणे मराठी टायपिंग माझं चांगलं! वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला मी पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, आपली साइट आधीच दिव्यांगस्नेही आहे. वर कोपऱ्यात 'अ' मोठा, 'अ' छोटा अशी बटणं दिलीत ना." मी निर्धास्त झाले. 'कार्यवाही पूर्ण' असा अहवालही टाइप करून ठेवला.

त्याच आठवड्यात त्या मावशी आल्या. लोहगडवाडीत गडाच्या वाटेवर त्यांची टपरी आहे. ताक, लिंबू सरबत, सुट्टीच्या दिवशी पिठलं-भाकरी. साखरेच्या आजाराने डोळे गेले, पण टपरी सुटली नाही. जीपने मळवली, तिथून लोकल, असं करत एकट्या आल्या होत्या. काठी टेबलाला टेकवली, फोन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "ऐका म्याडम, तुमचं पान काय बोलतंय."

फोन बोलायला लागला. "चित्र. चित्र. चित्र. चौकट. चौकट. बटण." बोट फिरवावं तिथे हेच. "मला फोनवर समदं ऐकाया येतंय," मावशी म्हणाल्या. "बातम्या ऐकते, लेकीचं मेसेज ऐकते. तुमचंच तेवढं मुकं हाय."

आता आमच्याकडे सूचना साइटवर कशी चढते ते सांगते. मी टाइप करते, प्रिंट काढते, साहेब सही करतात, शिपाई गोल शिक्का मारतो आणि मग तोच कागद स्कॅन करून साइटवर टाकतो. शिक्का नसलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही, हे आमच्या रक्तातच आहे. पण स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो, आणि त्यातली अक्षरं मावशींच्या फोनला वाचता येत नव्हती. मावशींना टपरीचा परवाना नव्याने करून घ्यायचा होता, त्या अर्जाचीही तीच गत. नाव कुठे, पत्ता कुठे, हे चौकटींच्या बाजूला लिहिलेलं मला दिसत होतं. फोनला नुसत्याच चौकटी.

मला वैताग आला. कामं काय कमी होती? म्हटलं, "आणा मावशी, मी भरते. दोन मिनिटांचं काम."

"गेल्या साली माझा दीर बी असंच म्हनला व्हता."

मी त्यांचा मागच्या वर्षीचा अर्ज उघडला. मोबाइल नंबर दिराचा. सगळे निरोप, सगळे ओटीपी त्यालाच जाणार. अगदी खाली एक ओळ होती, 'अर्ज भरणारा: इतर'. आणि यंदा त्याच जागेसाठी दिराने स्वतःच्या नावाने नवा अर्ज टाकून ठेवला होता. महिनाअखेरपर्यंत मावशींचं नूतनीकरण झालं नाही, तर जागा त्याची.

माझं डोकंच फिरलं. "अरे काय हे! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!" असं तोंडातून निघून गेलं आणि मी जीभ चावली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी मात्र खो खो हसल्या. "दळायचं मी बघते म्याडम. कुत्र्याचं तेवढं तुमी बगा."

त्यांचा नंबर दुरुस्त करणं माझ्या हातात होतं, ते आधार कार्ड बघून तिथल्या तिथे केलं. अर्ज मात्र त्या मला भरू देईनात. दुसऱ्याच्या हातानं एकदा फसलेय, आता होईल ते माझ्या हातानं, असं त्यांचं म्हणणं. त्या गेल्यावर मी माझा तो अहवाल फाडला.

मग साहेबांशी वाजलं. शिक्क्याशिवाय सूचना टाकायची म्हणताच ते खुर्चीत ताठ झाले. "उद्या कोणी खोटी सूचना म्हणालं तर?"

"शिक्क्याचा कागद राहू द्या की. त्याच्याखाली तोच मजकूर मी टाइप करून टाकते."

"आणि दोन्हीत फरक निघाला तर?"

"तर मला नोटीस द्या. शिक्का मारून."

साहेब हसले नाहीत, पण हो म्हणाले. इंजिनिअरच्या मी रोज मानगुटीवर बसले. त्याने अर्जातल्या प्रत्येक चौकटीला नाव दिलं आणि ते वाकड्यातिकड्या अक्षरांचं कोडं काढलं, जे डोळे असून मलाही तीनदा चुकायचं. फोनला वाचता यावीत म्हणून चित्रांची वर्णनं लिहायचं काम माझ्याकडे. मी मन लावून लिहिली. कुठे चूक राहायला नको म्हणून पानाच्या वर जे चार फोटो असतात, त्यांची नावं, पदं, पदव्या, 'माननीय'सकट सगळं घातलं. शेवटचा फोटो आमच्या साहेबांचा.

आठ दिवस उरले असताना मावशी पुन्हा आल्या. मी ऐटीत म्हटलं, "आता ऐका, पान कसं बोलतंय." बोलायला लागलं खरं. माननीय अमुक, माननीय तमुक, साहेबांच्या तीन पदव्या, आणि मग कुठे अर्ज. अर्जाला पानं सहा. प्रत्येक पानावर तेच पहिल्यापासून. मावशी नीट ऐकून, एकेक अक्षर चाचपून भरत होत्या. चौथ्या पानावर फोन म्हणाला, "आपली वेळ संपली आहे." भरलेलं सगळं पुसलं गेलं.

मावशींनी फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "देवळात बी एकदाच आरती आसती वो. तुमच्यात परत्येक पायरीला आरती, आन परसादाच्या टायमाला दार बंद."

मी कपाळाला हात लावला. ती आरती माझीच होती! साहेबांचा फोटो सुटला तर त्यांना काय वाटेल, हा विचार मी दहा वेळा केला होता. मावशींना किती वेळ लागेल, हा एकदाही केला नव्हता. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

मी साहेबांना बोलावून आणलं, मावशींचा फोन त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, "डोळे मिटून भरा." तिसऱ्या पानावर स्वतःच्या पदव्या तिसऱ्यांदा ऐकल्यावर साहेबांनी हात वर केला. "पुरे. माझा फोटो काढा तिथून."

"बाकीच्यांचे?"

"अर्जाच्या पानांवरून सगळेच काढा. कोणी विचारलं तर मी बघतो." मग मावशींकडे वळून म्हणाले, "आणि यांना वेळ किती लागेल ते यांनाच विचारा." पंचवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मला साहेब नावाच्या माणसाचं कौतुक वाटलं.

फोटो काढायला आणि वेळ वाढवायला इंजिनिअरने आठवडा घेतला; मावशी आता घरूनच अर्ज भरणार होत्या. शेवटचा दिवस उजाडला. साइट संध्याकाळी सहाला बंद होणार होती. चार वाजले, मावशींचा अर्ज नाही. फोन लावला, लागेना. पाच वाजले. दिराचा अर्ज यादीत वाट बघत बसलेला. मी कार्यालयाच्या लॉगिनमधून मावशींचं पान उघडलं. माहिती सगळी माझ्याकडे होती, दोन मिनिटांचं काम होतं. हात कीबोर्डवर गेला आणि तिथेच थांबला. न भरावा तर जागा जाणार, भरावा तर त्यांचा शब्द मोडणार. साडेपाचला मी ठरवलं, पावणेसहापर्यंत थांबायचं. देवाचं नाव घेत बसले. आयुष्यात इतक्या वेळा घड्याळ बघितलं नव्हतं.

पावणेसहाला दोन मिनिटं असताना अर्ज आला. मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. पाठोपाठ फोन.

"आला का वो म्याडम?"

"आला मावशी, आला! कुठे होतात तुम्ही?"

"वाडीत सकाळधरनं रेंज न्हाई. मग गेले गडावर, गनेश दरवाज्यापातूर. पायऱ्या पाठ हायत मला. हितंच बसून भरला." त्यांना धाप लागली होती. "वाचून दावा की जरा."

"फोनने वाचून दाखवला नाही का?"

"दावला. दोनदा ऐकला. पर मानसाच्या तोंडनं ऐकायचाय."

मी वाचला. नाव, गाव, टपरीची जागा, त्यांचाच मोबाइल नंबर. आणि शेवटची ओळ, 'अर्ज भरणारा: स्वतः.'

फोनमध्ये गडावरचा वारा घुमत होता. मग मावशी म्हणाल्या, "शेवटचं तेवढं परत वाचा."

मी परत वाचलं, साहेबांच्या केबिनपर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने.