रोह्याहून आलेली बदलीची ऑर्डर

माझ्या नवऱ्याचा आजार मला सगळ्यांच्या शेवटी कळला. आधी तो कंपनीच्या बसमधल्या लोकांना कळला, ड्रायव्हरला कळला, गेटवरच्या टाइमकीपरना कळला. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं नसतं, तर मला तो आणखी कितीतरी महिने कळला नसता.

हे रोह्याच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. राहायला आम्ही पेणला. सव्वीस वर्षं कंपनीची बस पहाटे पावणेसहाला नाक्यावर यायची आणि हे तिच्या आधी दहा मिनिटं तिथे उभे असायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रिटायर झाले, तरी पहाटेची जाग काही गेली नाही. फिरायला जातो म्हणून बाहेर पडायचे आणि साडेआठ-नऊला समाधानी चेहऱ्याने परत यायचे. मला वाटायचं, बरं झालं, माणूस हिंडता-फिरता राहिला. चष्मा हरवायचा, एकच गोष्ट चारदा विचारायची, हे सगळं मी वयावर ढकलत होते. वर त्यांनाच म्हणायचे, जन्मभर बॉयलरजवळ बसलात, डोकं शिजलंय तुमचं. ते हसायचे. ते बोलणं आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

त्या पावसाळ्यात एक दिवस बारा वाजून गेले तरी हे आले नाहीत. मी शेजारपाजार पालथा घातला. दोनच्या सुमारास नाक्यावर कंपनीची बस थांबली, रात्रपाळीची माणसं उतरली आणि त्यांच्या मागून हे उतरले. त्यांचा हात टाइमकीपर भावोजींच्या हातात होता. हे भावोजी रोह्याचे, यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, यांना दादा म्हणणारे. त्यांची बायको माझी मैत्रीण. भावोजी ड्यूटी सोडून पेणपर्यंत आले होते.

"नागोठण्याला पाणी चढलं, वहिनी. बस अडकली. दादा घाबरले असते, म्हनून मी संगं आलो."

"पण हे बसमध्ये कसे?"

भावोजींनी मान खाली घातली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आठ महिने हे रोज पहिल्या पाळीच्या बसमध्ये बसत होते. पहिल्या दिवशी ड्रायव्हरला वाटलं, काही काम असेल. चौथ्या दिवशी सगळ्यांना उमगलं. पण उतरा असं कुणी म्हटलं नाही. त्यांची खिडकीजवळची जागा रिकामी ठेवायची असं ठरून गेलं. रोह्याला पोचलं की भावोजी त्यांना आपल्या केबिनमध्ये बसवत, चहा देत, एका जुन्या रजिस्टरमध्ये सही घेत. "झाली पाळी, दादा," असं म्हणून रात्रपाळीच्या परतीच्या बसमध्ये बसवून देत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या नवऱ्याचं काय होतंय हे सगळ्या रोह्याला ठाऊक, आणि मला नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना घरात कोंडलं असतं," भावोजी म्हणाले. "म्हनून नाय सांगितलं."

मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पण ते बोलले ते खरं होतं. मी कोंडलंच असतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि पुढे काय काय होईल तेही सांगितलं. एकुलता एक मुलगा कॅनडात. तो म्हणाला, इथे या आजाराचे डॉक्टर आहेत, मदत आहे, तू एकटी किती दिवस बघणार? मला जायचं नव्हतं. पण एकदा हे खाडीकडच्या मिठागरांच्या बांधावर सापडले, भर उन्हात, अनवाणी. त्यानंतर मी हो म्हटलं.

पुढचे सहा महिने आमचं घर खरं तर रोह्यावरून चाललं. पासपोर्टच्या फोटोला हे बसेनात, तेव्हा भावोजींनी सांगितलं, गेटपासचा फोटो हाय, आणि हे शर्टाचं वरचं बटण लावून ताठ बसले. माझी मैत्रीण आठवड्यातून दोनदा एसटीने यायची. एकदा मला म्हणाली, "तू जरा निज गो, मी बसते त्यांच्याजवळ." मी संध्याकाळपर्यंत झोपले. वर्षभरात मी अशी झोपले नव्हते. निघायच्या दिवशी बसमधली अकरा माणसं नाक्यावर आली. यांनी सगळ्यांशी हात मिळवला आणि विचारलं, आज बस लेट का?

कॅनडात बस नव्हती. पहाटे पाचला हे उठून बूट घालायचे आणि दार उघडून कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचे. बाहेर बर्फ. पहिल्यांदा शेजारणीने आणून सोडलं, दुसऱ्यांदा पोलिसांनी. मुलाने दाराला वरून कडी लावली, तर हे दार बडवायचे, "माझा खाडा होईल." एकदा काच फोडून हात कापून घेतला. यांच्या आजाराकडे बघणारी तिथली नर्स भली होती, पण तिने स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर यांना कायमचं संस्थेत ठेवावं लागेल, कुलूपबंद वॉर्डात. तिथे मला दुपारचे दोन तास भेटता आलं असतं. म्हणजे ज्या कोंडण्याच्या भीतीने भावोजींनी मला आठ महिने अंधारात ठेवलं, तेच सातासमुद्रापार यांच्या नशिबी येणार होतं, आणि यांना तिथवर घेऊन आलेली मी होते.

मी रोह्याला फोन लावला. सगळं ऐकून भावोजी म्हणाले, "पंधरा दिवस कसे तरी काढा, वहिनी."

सतराव्या दिवशी पाकीट आलं. आत टाइप केलेला एक कागद. कंपनीचं नाव कुठेच नाही. खोटं करायचं, पण कंपनीच्या कागदावर नाय, असं सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. ऑर्डर अशी होती: आपली बदली कॅनडा येथे करण्यात येत आहे. कामाची जागा, मुलाचे घर. पाळी, जनरल. रोज सकाळी नऊ वाजता तेथील बाईंकडे हजेरी द्यावी व त्यांच्या परवानगीशिवाय गेटबाहेर जाऊ नये. खाली भावोजींची सही आणि तिच्याखाली बसमधल्या अकराही जणांच्या सह्या. चिठ्ठीत भावोजींनी पुढे लिहिलं होतं, "वहिनी, तुमचं नाव घातलं नाय. बायकोकडे हजेरी द्या म्हटलं तर कुठला नवरा ऑर्डर खरी मानेल?"

किती तरी दिवसांनी मी मोठ्याने हसले.

यांनी कागद तीनदा वाचला. मग म्हणाले, "जनरल पाळी म्हणजे पहाटे उठायला नको." दुसऱ्या दिवशी ते सातपर्यंत झोपले. नऊला केस विंचरून स्वयंपाकघरात आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "बाई, हजर आहे." मी वहीत बरोबरची खूण केली. बडवणं थांबलं. कडी काढली तरी ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेनात. संस्थेचा विषय मागे पडला. माणसाने आणखी काय मागावं?

पण रोज नऊला मी बाई झाले, आणि हळूहळू दुपारी, संध्याकाळी, जेवतानाही बाईच राहिले. मला अहो-जाहो करायचे. माझ्यासमोर लुंगी नेसायला लाजायचे. तिथल्या थंडीत मी स्वेटर-पँट घालायचे, आणि त्या वेशात त्यांनी मला आधी कधी पाहिलंही नव्हतं. साडेतीन महिन्यांनी एका सकाळी हजेरी देऊन ते तिथेच घुटमळले.

"बाई, रजा हवी होती. पेणला बायको एकटी आहे."

मी यांच्याच तोंडून ऐकलेलं कंपनीतलं वाक्य टाकलं, "सध्या माणसं कमी आहेत." ते मुकाट्याने गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. आठवडाभर रोज येत राहिले, रोज तितक्याच अदबीने. मी रोज नाही म्हणत होते आणि बाथरूममध्ये जाऊन रडत होते. शेवटी पुन्हा रोह्याला फोन केला.

भावोजी म्हणाले, "चूक माझी झाली. तुमचं नाव घालाया पायजे होतं." मग म्हणाले, "पन वहिनी, घरी जायची रजा मी कधी कोनाची अडवली नाय. मंजूर करा."

मी चार दिवसांची रजा मंजूर केली. यांनी पिशवी भरली. मुलगा त्यांना गाडीत घालून तासभर फिरवायला घेऊन गेला. तेवढ्यात मी पेणहून आणलेली सुती साडी नेसले, अंबाडा घातला, मोठं कुंकू लावलं. डाळ-भात लावला, पोह्याचे पापड भाजले. बेल वाजली तेव्हा मी आधी आरशासमोर जाऊन कुंकू पुन्हा नीट केलं. साठीच्या बाईला नवऱ्यासाठी दार उघडायची एवढी धास्ती वाटावी?

दारात ते पिशवी धरून उभे होते. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, किती वाळलीस."

त्यांना हात धरून आत घेतलं. जेवताना ते तिथल्या बाईंबद्दल सांगत होते, रजा लवकर देत नाही, पण मनाने वाईट नाही. ते तीन दिवस मी जपून जपून वापरले. संध्याकाळी ते माझ्याशेजारी बसायचे आणि बसमधल्या लोकांच्या गोष्टी सांगायचे.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला मी अजून साडीतच होते. तरीही ते केस विंचरून समोर आले आणि सरळ उभे राहिले.

"बाई, हजर आहे. एक दिवस आधीच आलो."

"घरी सगळं ठीक ना?" मी विचारलं.

"बायको फार थकलीय हो," ते म्हणाले. "पण सांगत नाही कुणाला."

मी वही उघडली आणि त्यांची हजेरी लावली.