घोंगडी गेलेल्यांचं घराणं

माझं आडनाव मी इथे लिहिणार नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. या आडनावाची नाशकात, आणि आमच्या माहितीप्रमाणे पृथ्वीवर, मोजून चार घरं आहेत. आडनाव लिहिलं की त्यातलं नेमकं कोण बोलतंय हे वाचणाऱ्याच्या आधी माझ्या मोठ्या काकांना कळेल आणि ते पंचवटीतल्या आमच्या बोळात येऊन उभे राहतील. त्या बोळात दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर भांडण ठरलेलं, त्यात काकांची भर नको.

आडनावाचा अर्थ मात्र सांगते. ज्याची घोंगडी गेली तो. आमचं मूळ गाव निफाडकडचं. तिथे आमच्या एका पूर्वजाला गावाने खळ्याच्या राखणीला बसवलं. तो उंबराखाली घोंगडी पांघरून जो झोपला तो झोपलाच. चोर आले, धान्याची पोती घेऊन गेले आणि जाताना त्याच्या अंगावरची घोंगडीही ओढून घेऊन गेले. सकाळी गार लागलं तेव्हा आमचे थोर पूर्वज जागे झाले. गावाने त्याला जे म्हणायला सुरुवात केली तेच सातबाऱ्यावर चढलं. गावाची विनोदबुद्धी अशी की तिला सरकारी शिक्का मिळतो.

या आडनावाची लोकप्रियता विचाराल तर ती अफाट आहे. शाळेत हजेरी घेताना प्रत्येक नवीन बाई माझ्यापाशी थांबायच्या, चष्मा काढायच्या आणि विचारायच्या, "हे खरंच आहे का गं?" कुरिअरवाला फोनवर सांगतो, "मॅडम, आडनाव सांगा, टोपणनाव नको." एकदा लग्नाच्या हॉलमध्ये माईकवरून आमचं नाव पुकारलं तेव्हा जेवणाच्या पंगती वळून बघायला लागल्या. एवढी प्रसिद्धी नगरसेवकांना पैसे टाकूनही मिळत नाही.

मोठ्या काकांना हे सहन होत नसे. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि निवृत्त माणसाच्या हातात मोबाईल आला की घराण्याला इतिहास प्राप्त होतो. त्यांनी चार घरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, नाव ठेवलं 'महावस्त्र परिवार'. कारण त्यांच्या संशोधनानुसार आमच्या पूर्वजाची घोंगडी गेली नव्हती, तर एका राजाने त्याचा पराक्रम पाहून त्याच्या अंगावर महावस्त्र घातलं होतं. कोणता राजा, कसला पराक्रम, हे विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढण्यात येई. चार घरांच्या ग्रुपमधून माणूस काढायला हिंमत लागते, ती काकांकडे होती.

एवढ्यावर थांबले असते तर मी काहीच म्हटलं नसतं. पण त्यांनी देवकही बदललं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्यात प्रत्येक घराण्याचं एक देवक असतं. झाड, पान, पीस, काहीही. लग्नाआधी ते मांडवात बसवून पुजतात. आणि दोन्हीकडचं देवक एकच निघालं तर ती माणसं एका रक्ताची समजायची, सोयरीक होत नाही. आमचं देवक उंबर. पूर्वज ज्याच्याखाली झोपला तेच झाड, दुसरं कोणतं असणार? पण उंबर म्हटलं की कुणीतरी कारण विचारणार, आणि कारणाच्या मागून घोंगडी येणार. तेव्हा काकांनी गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर झालेल्या मोठ्या लग्नात मोरपीस पाहिलं, त्यांना ते शोभून दिसलं, आणि त्या दिवसापासून आमचं देवक मोरपीस झालं. माझे बाबा मोठ्या भावापुढे तोंड उघडत नाहीत. आईने उघडलं, पण तिचं कोण ऐकतो!

मग माझ्या लग्नाची बैठक ठरली. मुलगा मी कॉलेजपासून ओळखत होते. देवळाली कॅम्पात त्यांचं भांड्यांचं दुकान. दोन्ही घरांना आमचं माहीत होतं, सगळ्यांना पसंत होतं, बैठक नुसती रीत म्हणून. लग्न करायचं तर याच्याशीच, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. मुलाच्या आजोबांनी पोहे खाता खाता विचारलं, "देवक कोणतं तुमचं?"

काकांनी खुर्चीत पाठ ताठ केली. "मोरपीस!"

आजोबांनी चमचा खाली ठेवला. "आमचं बी तेच हाय."

पोहे आले तेव्हा मी होणारी सून होते. चहा येईपर्यंत बहीण झाले. आजोबा जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले, अगदी भावकीतल्या पोरीच्या डोक्यावर ठेवावा तसा. मला त्या हाताचा इतका राग आला की मी नमस्कारही केला नाही.

लग्नाचं भिजत घोंगडं पडलं. घोंगडीने या घराण्याचा पिच्छा काही सोडला नाही. आई म्हणाली, "भाऊजी, उंबर सांगून टाका." काका म्हणाले, "आता सांगितलं तर त्यांना वाटेल पोरीसाठी देवक फिरवलं. कोण विश्वास ठेवील?" हे मात्र खरं होतं. नुसतं उंबर सांगून भागणार नव्हतं, झाडाबरोबर झोप सांगावी लागणार होती, आणि झोपेबरोबर चोर. मी काकांशी बोलणं सोडलं. ग्रुपवर त्यांनी सकाळी टाकलेल्या सुविचारालाही उत्तर देईना. त्या सुविचारांना मी पूर्वीही उत्तर देत नव्हते, पण आता रागाने देत नव्हते.

एका सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून दारात आले. "गाडी काढ. कॅम्पात जायचंय." आणि स्कूटरवर माझ्या मागे बसले.

दुकानात आजोबा गल्ल्यावर बसले होते. गिऱ्हाईक म्हणून दोन बायका कुकर बघत होत्या. मला वाटलं काका आत बसून हळूच सांगतील. ते उभ्यानेच बोलले. महावस्त्र खोटं, मोरपीस खोटं, राजा तर अगदीच खोटा. मग खळं, उंबर, चोर, सगळं. कुकरवाल्या बायका कुकर हातात धरून ऐकत राहिल्या.

आजोबांनी विचारलं, "पोती बी नेली अन् घोंगडी बी?"

"घोंगडीही नेली."

"अन् ह्यो उठलाच नाय?"

"गार लागल्यावर उठला."

आजोबा हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. डोळे पुसत म्हणाले, "हे खरं हाय. सोताच्या घराण्याचं असलं खोटं कोण सांगंल? उंबर तं उंबर. तारीख काढा."

काका हसले नाहीत. मान खाली घालून उभे होते. आयुष्यभर ज्या गोष्टीवर त्यांनी पांघरूण घातलं ती त्यांनी भर दुकानात, परक्या बायकांसमोर, माझ्यासाठी उघडी केली होती. माझा राग कुठे गेला ते कळलं नाही.

परतताना द्वारका चौकाच्या सिग्नलला ते मागून म्हणाले, "दिवसभर शेतात राबलेला माणूस गं तो. वर रात्री राखण. झोप लागणार नाही तर काय!" मी म्हटलं, "लागणारच, काका." सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न वाजवत होते.

लग्नात मांडवात उंबराची फांदी होती. आहेराच्या वेळी आजोबांनी काकांच्या खांद्यावर एक काळी घोंगडी घातली आणि म्हणाले, "ही सांभाळा." मांडव हसला. काकांनी ती वैशाखाच्या उन्हात, जेवणं उठेपर्यंत, फेट्याखाली घामाघूम होऊनही काढली नाही.

माझं लग्न ठरल्यापासून काका एक वाक्य सारखं म्हणायचे, "पोरगी गेली की आडनाव गेलं. आता पुढे आहे कोण?" चारही घरांत माझ्या पिढीत मी एकटीच. लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही. थोर विचार वगैरे नव्हता. ज्याच्यापायी एवढा तमाशा झाला ते असंच टाकून द्यायचं माझ्या जिवावर आलं. कॅम्पातल्या आमच्या दारावर दोन पाट्या लागल्या, एक सासरच्या आडनावाची, एक माझ्या. काका पाहायला आले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पाटीचा फोटो काढला आणि पाणीही न पिता निघाले.

संध्याकाळी फोन वाजला. ग्रुपचं नाव बदललं होतं. 'महावस्त्र परिवार' गेलं होतं, आता नुसतं 'घोंगडी' होतं. खाली माझ्या दाराचा फोटो, आणि त्याखाली काकांनी लिहिलं होतं, "आपली आता पाच घरं."