जोडीची मशीन

काकू धागा कधी कात्रीनं कापत नसत. दातांत धरून कचकन तोडायच्या आणि म्हणायच्या, "गेला अकोलेवाला!"

अकोलेवाला म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा दीर. अमरावतीत मी शाळेत शिकवत होते आणि काकूंच्या शेजारी भाड्यानं राहत होते. तो माणूस दिवसातून कितीदा तरी मरायचा, त्याची मला सवय झाली होती. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिच्या रागावर शेजाऱ्यांचाही जीव जडलेला असतो.

राग उगीच नव्हता. वडिलांनी लग्नात काकूंना पायमशीन दिली होती. नवरा गेला, आणि तेरवी उरकताच दिरानं ती टांग्यात घालून स्टेशनवर नेली, तिथून अकोल्याला आपल्या शिंपीकामाच्या दुकानात. काकू परत मागायला गेल्या तेव्हा तो गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "वहिनी, तुमी तं गोधड्या शिवता. त्याले मशीन कायले पाह्यजे? सुई-दोरा घ्या न बसा."

गिऱ्हाइकं हसली. काकू बरीच वर्षं सुई-दोरा घेऊनच बसल्या. बोटं सोलवटली. त्याच कमाईतून त्यांनी एक जुनी मशीन घेतली आणि गावभर त्यांच्या गोधड्या जाऊ लागल्या. "देव इसरते," त्या म्हणायच्या, "मी नाही इसरत."

एकदा ऐन लगीनसराईत ती मशीन बंद पडली आणि एका नवरीची पाठवणी गोधडीवाचून झाली. काकूंना ते फार लागलं. "मास्तरीणबाई, जोडीले दुसरी पाह्यजे. एक रुसली का दुसरी तयार."

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आम्ही दोघी बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला निघालो. मशिनी काय अमरावतीत मिळत नव्हत्या? मी विचारलंच.

"मिळतात. पन अकोलेवाला माही मशीन इकून राह्यला. डोळे गेले म्हनते त्याचे."

आधी आम्ही बाजारात गेलो. काकूंनी पिशवीतून जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून केलेला जाडजूड तुकडा काढला आणि दुकानातल्या एकेका मशीनवर चालवून पाहिला. कुठली टाका सोडायची, कुठली जाड शिवणीपाशी चढेचना. एक काळी, वजनदार मशीन तेवढी टिकली. "बाजूले ठेवा," त्या दुकानदाराला म्हणाल्या, "येतो आमी."

मग दिराचं घर. तो ओसरीवर मशीनपाशीच बसला होता, जाड भिंगांचा चष्मा लावून. दारात त्याची बायको सुमन उभी होती.

"मशीन पाहाले आली," काकू म्हणाल्या.

तो उठला, काकू बसल्या. तुकडा सुईखाली घातला. ती मशीन जाड शिवणीवरून जराही न अडखळता गेली. टाके मी पाहिले, एकसारखे होते. काकूंचा पाय क्षणभर तसाच थांबला.

"टाका सोडते," त्या म्हणाल्या.

"नाही सोडत! रोज तेल देतो मी तिले!"

काकूंनी सुईतला दोरा ओढून काढला. "मंग ओवून दाखवा."

तो बसला. दोऱ्याचं टोक ओलं केलं, पिळलं. दोरा सुईच्या कधी अलीकडून जायचा, कधी पलीकडून. सुमन पुढं झाली.

"थांब, सुमन. त्याईलेच ओवू दे."

दोरा दोनदा खाली पडला तरी काकू पाहतच राहिल्या. शेवटी उठल्या. "राहू द्या, भाऊजी. सुई-दोरा घ्या न बसा."

बाजारात येऊन त्यांनी ती काळी मशीन घेतली. "लई दिवसानं पोट भरलं," म्हणाल्या.

मला तो प्रकार आवडला नव्हता. गाडीत मी तसं बोललेही. काकू खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "तुमची मशीन कोनी नेली नाही, मास्तरीणबाई."

पुढं दीर वारला. मूलबाळ नव्हतं. एका दुपारी सुमनबाई बोचकं घेऊन काकूंच्या दारात उभ्या राहिल्या. गल्ली दारांतून डोकावत होती. काकूंनी जोडीच्या मशीनवरचं फडकं काढलं.

"बस. येते का चालवाले?"

"त्याईनं कधी हात लावू देला नाही, जाऊबाई."

"म्हनूनच बस. वरून पाह्यत असन तं पाहू दे त्याले!"

त्यानंतर दोन मशिनींचा आवाज माझ्या भिंतीतून यायचा. काकू मधूनच ओरडायच्या, "अवं, सरळ घे!" आणि दोघी हसायच्या.

एका हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या. काही दिवस भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. मग एका सकाळी मशीन सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. मी गेले. सुमनबाई काकूंनी अर्धी टाकलेली गोधडी शिवत होत्या. एवढी जड गोधडी एकटीला आवरत नाही, मागून कुणाला तरी धरावी लागते. ती सारखी जमिनीकडे घसरत होती. मी चप्पल काढली, मशीनमागं बसले आणि ते वजन मांडीवर घेतलं.