भावजींचा घंटीचा चष्मा

जगातल्या प्रत्येक वस्तूला उजेड कळला पाहिजे, असा हट्ट धरलेला माणूस सोलापुरात एकच होता, आणि तो नेमका माझा धाकटा दीर. भावजी रेडिओ दुरुस्त करायचे. जुन्या रेडिओतला ट्रान्झिस्टर नावाचा बारका काचेचा भाग काढायचा, त्यावरचा काळा रंग ब्लेडनं खरवडायचा, की त्याला म्हणे उजेड दिसायला लागतो. मग तो आमच्या घरात कुठंही चिकटवायचा. देवापुढचा दिवा विझला की घंटी वाजे, दुधाच्या कपाटाचं दार उघडलं की वाजे. एकदा मी साय काढताना ती अशी किंचाळली, की पातेलं माझ्या पायावर आणि साय मांजराला. मी कायम भीत भीतच वावरायची बघा. "वहिनी, निस्तं सेलचं करंट हाय की," म्हणायचे, आणि माझ्याच चहाच्या कपात स्क्रू टाकून ठेवायचे.

पण खरी भीती एकोणीसशे पंच्याहत्तरच्या सुमारास बसली. हे, म्हणजे माझे यजमान, हातमागावर चादरी विणायचे. एका सकाळी मागावरच कोसळले. हात, पाय, जीभ, सगळंच गेलं. राहिले फक्त डोळे, तेही छताला लागलेले. डॉक्टर म्हणाले, "यांना आता काही समजत नाही." समजत नसेल तर मी भरवते कुणाला? आणि समजत असेल तर एवढे दिवस हे आत एकटे काय करत असतील? मला दोन्हीची भीती वाटायची.

भावजींनी चष्म्याच्या दांडीला टॉर्चचा बल्ब आणि तो खरवडलेला ट्रान्झिस्टर बांधला. डोळा डावीकडं वळला की बुबुळ सरून पांढरं पुढं येणार, उजेड जास्त परतणार, घंटी वाजणार. "दादा, व्हय म्हणायचं आसंल तर डावीकडं बघ." तीन दिवस घंटी मुकी. शेजारच्या हातमागांनाही सुट्टी होती, त्यामुळं घर अगदी गप्प. भावजी म्हणायचे, "बल्ब तिरका बसलाय." तो सरळ करून करून त्यांची बोटं पोळली, मला मात्र डॉक्टरांचं वाक्यच ऐकू यायचं.

चौथ्या दिवशी सकाळी घंटी वाजली ती थांबेचना. टिंग, टिंग, टिंग. डोळ्यात करंट शिरला म्हणून मी वायर उपटायला धावले. भावजींनी हात धरला. "थांबा वहिनी. भिंतीकडं कान द्या." शेजारी माग सुरू झाला होता. भावजी तसेच अनवाणी पळाले आणि त्यांनी विणकराला हात थांबवायला सांगितलं. खटखट थांबली. घंटीही थांबली. माग पुन्हा चालला, घंटीही चालली. भावजी आमच्या दारात येऊन थबकले. "वहिनी, दादा आवाजावरनं धोटा बघतोय. सूत घेऊन हिकडून तिकडं, तिकडून हिकडं."

त्यांनी माग पुन्हा थांबवायला लावला. मी खाटेशी वाकले. "अहो, मी हितंच बसलेय, कळतंय का तुम्हाला?" बराच वेळ काही नाही. मग एकदाच, टिंग.

तो चष्मा अजून माझ्या ट्रंकेत आहे. वाजवणारे गेले, बांधणारेही गेले. भावजी आठवले की मला ती घंटी नाही आठवत. आठवतं ते हे, की ती वाजल्याबरोबर भावजी "स्क्रू पडला वाटतं" म्हणत खाटेखाली शिरले आणि लई वेळ बाहेरच आले नाहीत. चष्म्याचे सगळे स्क्रू जागेवर होते, मी नंतर बघितलं.