फर्स्ट इयरची ताई

जे करायला हवं असं माणसाला पक्कं ठाऊक असतं, नेमकं तेच तो का करत नाही, हे त्याला तोंडावर विचारायचा अधिकार देवाने फक्त आपल्याला दिला आहे, अशी माझ्या मावसबहिणीची ठाम समजूत होती. आणि हा अधिकार ती सढळ हाताने वापरायची. एकदा स्वारगेटहून तिच्या घरी, बिबवेवाडीला, आम्ही रिक्षाने निघालो होतो. रिक्षावाला खोकत होता. ताई पुढे वाकून म्हणाली, "डॉक्टरकडे गेलात का? नाही ना? का नाही गेलात?" त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, मी बिबवेवाडीला चाललोय. तुम्हाला यायचंय का?" दुसरी एखादी ओशाळली असती. ताई मला म्हणाली, "बघितलंस? विषय बदलला. म्हणजे त्याला कळतंय."

लग्नकार्यात तर तिच्या आसपास बसायला नातेवाईक धजत नसत. मधुमेह असलेली माणसं दुसरा गुलाबजाम घेण्याआधी कुठे बघतात, हे ती बारकाईने न्याहाळायची. आमच्या ह्यांना एकदा भर पंगतीत म्हणाली, "भाऊजी, तुम्ही आधी बायकोकडे पाहिलंत, मग वाढप्याकडे. अज्ञानी माणूस सरळ वाढप्याकडे बघतो." ह्यांनी गुलाबजाम परत दिला आणि तेव्हापासून ताई येणार असेल त्या लग्नाला ते नुसता आहेर पाठवू लागले. तिच्या सोसायटीत सगळे पहिल्या मजल्यावरसुद्धा लिफ्टने जायचे, म्हणून तिने लिफ्टच्या दारावर पाटी लावली : "जिन्याचाही मेंटेनन्स आपणच भरतो." दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी तिच्याखाली दुसरी पाटी लावली : "पाट्या लावण्याचा व्यायाम आपल्या घरात करावा." ताईला त्याचा राग आला नाही, उलट आनंदच झाला. "वाचली ना त्यांनी? वाचतात सगळे. मग जिना का चढत नाहीत, हाच तर प्रश्न आहे."

हा प्रश्न तिच्या आयुष्यात कुठून आला, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे. तिचे यजमान अतिशय हुशार गृहस्थ. रोजचं वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे, दुसऱ्यांना डॉक्टरांचे पत्ते देणारे. रक्तदाबाची गोळी मात्र ते ताईसमोर तोंडात टाकायचे आणि बाल्कनीत जाऊन कढीपत्त्याच्या कुंडीत थुंकायचे. ताईने समजावलं, भांडण केलं, अबोला धरला, माहेरी येऊन राहिली. एका दुपारी जेवून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. तेराव्याच्या दिवशी ताई कुंडीतली माती उकरत बसली होती. मी तिला हात धरून उठवलं तेव्हा एवढंच म्हणाली, "त्यांना कळत होतं गं. सगळं कळत होतं."

त्यानंतर काही वर्षांनी माझी मुलगी सई बारावी झाली. तिच्या पदवीचा बेत ठरवायला ताईला बरोबर घेऊन आम्ही कॉलेजं पालथी घातली. विश्रांतवाडीहून निघायचं, बिबवेवाडीला ताईला घ्यायचं आणि उन्हातान्हात माहितीपत्रकं गोळा करत फिरायचं. कात्रजच्या बाजूच्या एका कॉलेजात सई कॉमर्सची चौकशी करत होती, तेवढ्यात ताई शेजारच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. तिथे नव्या पदवीचा फलक होता : सामाजिक आणि वर्तनविषयक आरोग्य. ताईने टेबलामागच्या तरुण प्राध्यापिकेला विचारलं, "यात काय शिकवतात?" ती म्हणाली, "आरोग्याबद्दल माणसं जशी वागतात, तशी का वागतात, ते." ताई टेबलाला धरून खालीच बसली. मला वाटलं चक्कर आली. "अगं, हे शिकवतात?" ती म्हणाली. "आणि मला कोणी सांगितलं नाही?"

सईने तिच्या पदवीचा बेत एका दुपारी उरकला. ताईचा बेत उन्हाळाभर चालला. ती लग्नाआधीची बारावी पास, त्यामुळे प्रवेशाला अडचण नव्हती. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर तिने चारही वर्षं आखली आणि ती पानं स्वयंपाकघरात फ्रिजपासून खिडकीपर्यंत चिकटवली. पहिल्या वर्षी मानसशास्त्राची आणि समाजशास्त्राची ओळख. दुसऱ्या वर्षी सांख्यिकी, म्हणजे त्या वर्षी घरात पाहुणे नकोत. तिसऱ्या वर्षी वस्तीत जाऊन काम, त्यासाठी आत्तापासून सकाळी चालायचा सराव. चौथ्या वर्षी स्वतःचा प्रकल्प, आणि त्याचा विषय सगळ्यांच्या आधी ठरला होता : हुशार माणसं औषध का टाळतात. "मायनर काय घेऊ गं? जोडीचा विषय म्हणून मराठी घेऊ की अर्थशास्त्र?" हे ती मला, दूधवाल्याला आणि सेक्रेटरींना सारख्याच गांभीर्याने विचारायची. सेक्रेटरी म्हणाले, "निवासी घ्या. हॉस्टेलात राहावं लागेल असं काहीतरी."

मुलाखतीच्या दिवशी दारावरचा शिपाई म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबायचं." ताई म्हणाली, "मीच विद्यार्थी." तो म्हणाला, "मग पालक कुठायत?" ताईने सईकडे बोट दाखवलं.

कॉलेज सुरू झालं आणि ताईचे नवे नवे चाळे आमच्या कानावर येऊ लागले. वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची आणि शेजारच्या मुलीला फळ्यावरचं मोठ्याने वाचायला लावायची. म्हणे, "मोठ्याने वाचलं की दोघींच्याही डोक्यात राहतं." मुलं तिला "ताई" म्हणत आणि तिचं ऐकत. चालताना ती आता कोणाचा तरी हात धरायची. "माणसाचा हात धरला की रक्तदाब उतरतो, शिकवलंय आम्हाला," असं मला म्हणाली. जिन्याची एवढी भक्त, पण हळूहळू लिफ्टने येऊ-जाऊ लागली. विचारलं तर म्हणाली, "लिफ्टमधली माणसं कशी वागतात, त्याचं निरीक्षण करतेय." आम्ही हसलो. तिच्या लहरींना हसायची आम्हाला वर्षानुवर्षांची सवय होती, आणि या लहरी तर आता अभ्यासक्रमातल्याच होत्या.

सईच्या मात्र ते लक्षात आलं. एका रविवारी ताई चहा ओतत होती, धार कपाच्या बाहेर पडली आणि ती ओततच राहिली. सईने तिचा हात धरला. "मावशी, तुला कप दिसत नाहीये ना?" ताई म्हणाली, "दिसतोय की. निम्मा दिसतोय."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी तिला घेऊन गेले. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग चष्मा काढून ते म्हणाले, "बाई, हे काही एका दिवसात होत नाही. तुम्हाला जाणवलं असणार. मग इतके दिवस का नाही आलात?"

मी ताईकडे पाहिलं. उभ्या जन्मात तिने हा प्रश्न किती जणांना विचारला असेल! ती डॉक्टरांना म्हणाली, "तुमच्याकडे पार्किंग नाही ना, म्हणून." ताईकडे कसलंच वाहन नव्हतं.

परतताना बिबवेवाडीचा चढ लागला तेव्हा ती म्हणाली, "चुकीचा प्रश्न विचारला गं त्यांनी. 'का नाही आलात' म्हटलं की माणूस कारण शोधतो आणि सापडेल ते फेकतो. 'कशाची भीती वाटली' असं विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. मला वाटलं, डोळे गेलेत म्हटल्यावर कॉलेजातून काढतील." आणि थोड्या वेळाने, बाहेर बघत, "ह्यांना मी सगळं विचारलं. हे एक विचारायचं राहिलं."

कॉलेजने काही तिला काढलं नाही. त्या तरुण प्राध्यापिकेने धावपळ करून परीक्षेला लेखनिक मिळवून दिला. तो नांदेडकडचा मितभाषी मुलगा होता. "मी पानभर बोलते आणि हा चार ओळी लिहितो," अशी ताईची तक्रार. पण पहिलं सत्र ती चांगल्या गुणांनी पास झाली आणि सोसायटीभर तिने पेढे वाटले. ज्यांना गोड वर्ज्य होतं त्यांनाही दिले, आणि त्या दिवशी कोणी कुठे बघितलं तेही पाहिलं नाही. पाहता येत नव्हतं, हेही खरंच.

मग बंगळुरूहून तिचा मुलगा आला. आई एकटी राहते, गॅस पेटवते, रस्ता ओलांडते, या विचाराने त्याची झोप उडाली होती. आल्या आल्या ओरडायला लागला. "काय करायचीय तुला पदवी? या वयात कोण नोकरी देणार आहे?" मी तिथेच होते. मला वाटलं, आता ताई त्याला सोलून काढणार. तिने फक्त त्याच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं आणि विचारलं, "तुला कसली भीती वाटते रे?" तो आयटीतला एवढा मोठा माणूस भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडायला लागला. "बाबांच्या वेळेसारखा फोन येईल," म्हणाला. "मीटिंगमध्ये असेन आणि तसाच फोन येईल."

त्या संध्याकाळी ताईने त्याच्याबरोबर बंगळुरूला जायचं ठरवलं. मी खूप भांडले. अजून साडेतीन वर्षं उरलीत, आम्ही आहोत, सई आहे, काय वाटेल ते सांगितलं. ती म्हणाली, "विचारलं आणि त्याने सांगितलं. आता त्याच्यावर काही करायचं नाही म्हटलं तर विचारायचंच कशाला?" जाताना तिने सगळ्यांचा निरोप घेतला. सेक्रेटरी स्वतः तिला धरून जिन्याने खाली घेऊन आले आणि गाडीचं दार लावून देताना त्यांना एकही खवचट वाक्य सुचलं नाही.

आता ती रविवारी फोन करते. बंगळुरूला हवा छान आहे, सून चांगली आहे, थेंब वेळेवर घालतात. कॉलेजचा विषय ती काढत नाही, म्हणून मीही काढत नाही. गेल्या खेपेला सांगत होती, "खाली बागेत संध्याकाळी एक बाई येते. माझ्याच वयाची असावी. तिला मराठी येत नाही, मला कन्नड नाही. पण तिचं काहीतरी दुखतंय आणि ती घरी सांगत नाहीये, एवढं कळतं मला."

"मग तू काय करतेस?" मी विचारलं.

"विचारता तर येत नाही गं," ताई म्हणाली. "तिच्याजवळ बसते झालं."