कोरड्या हातांचा नवरदेव

लग्नाच्या पंधरा दिवस आधी मी दोन्ही तळहातांत विष टोचून घेतलं, आणि तेही अकोल्याला जाऊन, नंबर लावून.

कारण घाम. चारचौघांसारखा कपाळावरचा नव्हे, तळहातांचा! पंख्याखाली, थंडीत, कधीही. पिंपळगाव राजात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाइकाचा सातबारा मशीनवर ठेवेपर्यंत कागद ओला. "बापू, कागद विहिरीतून काढून राह्यला काय बे?" हे इतक्यांदा ऐकलं की तेच लिहून भिंतीवर चिकटवावंसं वाटायचं. (तेही जमत नाही. माझी बोटं लागली की चिकटपट्टी चिकटत नाही!)

साखरखेर्ड्याला शुभांगीला बघायला गेलो, तर चहाचा कप हातातून निसटून थेट होणाऱ्या सासऱ्यांच्या मांडीवर! शुभांगीने फडकं आणून दिलं, माझ्या निथळत्या तळहातांकडे पाहिलं आणि आत निघून गेली. तरी होकार आला. पण लग्नात सगळ्यांदेखत तिचा हात माझ्या हातात देणार, तेव्हा काय? तिने तो शालूला पुसला तर? काहीही करून कोरडं व्हायचं, असं मी ठरवलं.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोटॉक्सची इंजेक्शनं देऊ. काही महिने घाम थांबेल. पण लग्न झाल्यावरच या. थोडे दिवस चिमटीतला जोर कमी होऊ शकतो."

"चालते मॅडम, आताच द्या," मी म्हणालो. लग्नात मी कोणाला चिमटे काढणार होतो!

मिरचीची रोपं लावावीत तशा ओळीने सुया टोचल्या. सात पिढ्यांचे पितर आठवले. घरी आलो तर आई दारातच.

"काय टोचलं?"

"औषध."

"कशाचं?"

मला खरं बोलायची अवदसा आठवली. "विषच असते ते. पण थोडकंसं."

"अरे बाप्पा! वावरात फवाराचं कमी पडलं काय तुले?"

"माय, तिकडच्यांले सांगू नको."

"मी काऊन सांगू?" असं आई म्हणाली, आणि मी विश्वास ठेवला.

लग्न झकास झालं. हात खडखडीत कोरडे! कॅमेऱ्याकडे सोडून मी सारखा स्वतःच्या तळहातांकडेच बघत होतो, फोटोग्राफर वैतागला.

खरी फजिती दुसऱ्या दिवशी, आमच्या अंगणात, काकण सोडताना झाली. नवरीच्या मुठीत सुपारी. नवरदेवाने एका हाताने मूठ उघडून ती काढायची. भोवती बायाच बाया आणि शुभांगीची पाठराखीण म्हणून आलेली तिची आत्या. मी ऐटीत हात घातला. बोटं सरकली. परत घातला. माझा अंगठा आणि शेजारचं बोट यांची जणू भाऊबंदकी सुरू झाली होती!

"जोर लावा, नवरदेव!"

मी जोर खांद्यातून लावला, कमरेतून लावला, शेवटी पाटासकट सरकलो. मूठ जशीच्या तशी. मग सुपारी माझ्या मुठीत आली. नवरीला दोन्ही हातांची मुभा असते. शुभांगीने ती करंगळीने काढली!

बाया हसायच्या थांबल्या. आत्याबाईंनी माझा अंगठा उचलून सोडून पाहिला. पडला.

"अगं बाई! पोराला लकवा हाये! लपवून ठेवलं यांनी! दादाला फोन लावा!"

"लकवा नाई हो बाई!" आई कडाडली. "चांगल्या धडधाकट पोरानं विष घेतलं!" (ही माझी बाजू सावरणं होतं!)

"विष? का बरं? पोरगी पसंत नव्हती?"

तोवर फोन लागला. पलीकडून सासरे "हॅलो, हॅलो" करू लागले. पळून जावं तर घर माझंच. शेवटी मी ओरडलो, "मले घाम येते! हाताले! लहानपणापासून! तो बंद कराले गेलतो!"

अंगणातल्या सगळ्या बाया माझे तळहात बघायला पुढे वाकल्या.

शुभांगी हळूच म्हणाली, "म्हंजी त्या दिवशी मला पाहून नव्हता आला?"

"नाही," मी म्हणालो. (अवदसा पुन्हा.)

"मला वाटलं, माझ्यामुळं फुटला. गरीब दिसतंय बिचारं, म्हणून तर हो म्हणले!"

आता दिलेला होकार मागे घेते की काय, असं मला वाटलं. पण तिने फोनवर सांगितलं, "काही नाही बाबा, हात धड हाये. डोक्याचं बघते मी."

त्यानंतर कितीतरी दिवस ती रोज सकाळी माझ्या शर्टाची बटणं लावायची. बोटांत जोर आला, तरी मी हात लोंबते ठेवून उभाच. परवा तिने मला दुकानात झेरॉक्स मशीनचे स्क्रू सोडवताना पाहिलं. बारीक, घट्ट स्क्रू. दारात उभी राहून तिने शांतपणे विचारलं, "हे जमतंय, अन् बटण जमत नाही?"

तळहात अजूनही कोरडेच होते. पण कपाळाला, मानेला, पाठीला दरदरून घाम फुटला. आणि या वेळी तो शंभर टक्के तिला पाहूनच होता!