न ओवलेल्या बारा सुया

ये गं शीतल, अशी जवळ बस. नर्सिंगला गेलीस तशी तोंड दाखवत नाहीस, आणि आलीस ती परीक्षेचा प्रश्न घेऊन. आतड्याचा सांधा हाताने शिवलेला बरा की मशीनने? तुझ्या आईला विचारलंस ना? रेखा काही बोलली नसेल. मग मीच सांगते.

धुळ्याच्या त्या हॉस्पिटलात मी आया म्हणून लागले, बघून बघून ऑपरेशन थिएटरातलं काम शिकले. आतड्याचा खराब तुकडा कापला की उरलेली दोन तोंडं जोडायची, तो सांधा. टाके रेशमी धाग्याचे. ऑपरेशनआधी बारा गोल सुया ओवून मी हिरव्या टॉवेलवर ओळीने टोचून ठेवायची. डॉक्टर वर न बघता हात पुढे करायचे, "अक्का, धागा." पंधरा वर्षं हेच.

नव्वद सालानंतर डॉक्टरांनी मुंबईहून स्टेपलर आणला. लांब दांडा, टोकाला गोल डबी, तिच्यात बारीक पिना. दोन्ही तोंडं डबीवर घ्यायची आणि दांडा दाबायचा. पिना गोल रांगेत बसतात, जादाचा भाग आतलं पातं कापून टाकतं. पाऊण तासाचं काम काही मिनिटांत. मशीनबरोबर तुझी आई आली, ते हाताळायला शिकलेली. आता डॉक्टर म्हणायचे, "रेखा, स्टेपलर." माझा नुसता जळफळाट. तिला चहा मी मुद्दाम निवल्यावर द्यायची.

त्यात धरणगावचे एक शिंपी आले, नाना. गाठ अगदी खाली, ओटीपोटात खोल. सांधा जमला नाही तर पोटावर पिशवी, संडास तिच्यातच. आदल्या दिवशी त्यांनी माझा हात धरला.

"अक्का, पिशवी लागनी तर शिलाई मशीनवर बसता येवाव नही. हातनी शिवण शे का मशीननी?"

"मशीनची."

"मंग बघजो. मशीनना एक टाका चुकना तर बठ्ठी शिवण उसवस."

मला ते ऐकून गोड वाटलं, काय सांगू. दुसऱ्या दिवशी मी एकही सुई ओवली नाही. मशीन आहे ना, मग माझा धागा कशाला?

डॉक्टरांनी स्टेपलर दाबला. डबीत कापलेल्या आतड्याची दोन कडी निघतात, ती अख्खी आहेत का ते बघायचं असतं. रेखाने बोटावर फिरवून पाहिली. "सर, हे एका जागी पातळ वाटतंय."

डॉक्टरांनी ओटीपोटात पाणी भरलं आणि खालून आतड्यात हवा सोडली. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतात ना, तसंच. पुढच्या बाजूला बुडबुडा आला.

खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं. मग नानांनी धरलेला हात आठवला.

"अक्का, धागा," डॉक्टर म्हणाले. वर न बघता.

माझा ट्रे रिकामा. त्यांचा हात तसाच पुढे. तेवढ्यात रेखाने बाजूचा टॉवेल माझ्यापुढे सरकवला. बारा सुया, ओवलेल्या, ओळीने.

"तुमच्यासारख्याच टोचल्यात," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच द्या, अक्का."

मी दिल्या. चार टाके पडले. पुन्हा पाणी, पुन्हा हवा. बुडबुडा नाही. मला सुटल्यासारखं झालं, आणि रेखाचा राग आणखी आला. बरोबर वागणाऱ्याचा राग जास्त येतो.

पाचव्या दिवशी नानांनी मला बोलावून कानात सांगितलं, "अक्का, वारा सरकना." आतड्याच्या पेशंटचा वारा सरकला की अख्खा वॉर्ड खूश. आतडं चालू झालं म्हणायचं. पुढे पिशवीही लागली नाही.

"कोणती शिवण मारी?" नानांनी विचारलं.

"दोन्ही."

"मंग बराबर शे. मशीन मारी तरी हातनी तुरपाई लागसच."

तर परीक्षेत लिही. हात पोचत नाही तिथे मशीन, मशीन चुकेल तिथे हात. दोन्ही तोंडांना रक्त चांगलं हवं, सांध्यावर ताण नको. आणि मशीन असो नसो, सुया ओवून ठेवायच्या. हे पुस्तकात नसेल.

माझ्या रिकाम्या ट्रेचं रेखाने डॉक्टरांना कधी सांगितलं नाही. मीही तिला कधी बरं केलंस म्हटलं नाही. आता ती जळगावला, मी इथे. तू तिला यातलं काही सांगू नकोस, मलाच सांगायचंय. पुढच्या रविवारी तिला घेऊन ये. चहा गरम देईन म्हणावं.